लुर्दचा झरा व रोग्यांचें बरें होणें

दुखणें विकोपास गेलें असतां पवित्र मरीयामातेस नवस बोलला गेला नाहीं, असें घर आमच्या लोकांत क्वचितच सांपडेल. वांद्र्याच्या डोंगरावरील मातेच्या यात्रेंत दर सप्टेंबरांत मेणाचे हात, पाय अर्पण करणारे भाविक आपण पाहतों. ही श्रद्धा मोलाची खरीच. परंतु रोगी बरा झाला कीं लागलाच चमत्कार म्हणावयाचा काय? आणि तो बरा न झाल्यास त्याची श्रद्धा उणी पडली, असें समजावयाचें काय? या दोन्ही प्रश्नांचें उत्तर लुर्दच्या इतिहासांत मिळतें. म्हणून या महोत्सवप्रसंगीं तो थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

लुर्द हें फ्रान्सच्या दक्षिणेस, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशीं वसलेलें गांव. तेथें 11 फेब्रुवारी 1858 रोजीं बर्नादेत सुबिरू या चौदा वर्षांच्या गरीब मुलीस मासाबिएलच्या गुहेंत मातेचें प्रथम दर्शन झालें. 16 जुलैपर्यंत अशीं 18 दर्शनें घडलीं. 25 फेब्रुवारीस मातेच्या सांगण्यावरून तिनें हातांनीं माती उकरली, तों पाणी लागलें. तोच आजचा झरा. 1 मार्च रोजीं कातेरीन लातापी नांवाच्या खेडवळ बाईनें त्या पाण्यांत हात बुडविला. झाडावरून पडल्यामुळें सुमारें दीड वर्ष निकामी झालेलीं तिच्या उजव्या हाताचीं दोन बोटें तत्काळ हलूं लागलीं.

असें असतांही तार्बचे बिशप लोरांस यांनीं घाई केली नाहीं. त्यांनीं चौकशीमंडळ नेमलें, साक्षी घेवविल्या, वैद्यांचे अभिप्राय मागविले; आणि 18 जानेवारी 1862 रोजीं, म्हणजे सुमारें साडेतीन वर्षांनीं, दर्शनें सत्य असल्याचा निर्णय देऊन 7 जणांचें बरें होणें मान्य केलें. पुढें 1883 मध्यें लुर्द येथें वैद्यांची कचेरी स्थापन झाली. कोणत्याही धर्माच्या, किंबहुना कोणताही धर्म न मानणाऱ्या वैद्यासही तेथें तपासणीस बसतां येतें. कसोट्या मात्र जुन्या आहेत. पुढें पोप बेनेडिक्ट 14 वे झालेल्या कार्दिनल लांबेर्तिनी यांनीं त्या अठराव्या शतकांत घालून दिल्या. रोग गंभीर असावा. आराम अकस्मात्, पूर्ण व टिकाऊ असावा. आणि त्याचें श्रेय औषधास देतां येऊं नये. ‘शास्त्रास उलगडा होत नाहीं,’ इतकेंच वैद्यांनीं सांगावयाचें. चमत्कार ठरविण्याचा अधिकार बिशपांचा.

या चाळणींतून किती थोडें उतरतें पाहा. सात हजारांहून अधिक लोकांनीं आपण बरे झाल्याचें कळविलें. 2025 पर्यंत मान्यता मिळाली ती केवळ 72 जणांना. लिव्हरपूलचे जॉन ट्रेनर हे पहिल्या महायुद्धांत जखमी झालेले सैनिक. त्यांचा उजवा हात लुळा पडला होता व त्यांस फेफऱ्याचे झटके येत. 1923 मध्यें ते लुर्दहून बरे होऊन परतले व पुढें कोळशाचा व्यापार करूं लागले. त्यांच्या या गोष्टीस मान्यता मिळाली ती 2024 मध्यें, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनीं.

आतां दुसरा प्रश्न. जिच्या हातून तो झरा उघडला, ती बर्नादेत स्वतः जन्मभर दम्यानें व पुढें क्षयानें पिडलेली होती. नेव्हेरच्या मठांत 16 एप्रिल 1879 रोजीं, वयाच्या अवघ्या 35 व्या वर्षीं, तिनें देह ठेविला. तिची श्रद्धा उणी होती असें म्हणण्यास कोण धजेल? 1933 मध्यें ख्रिस्तसभेनें तिला संत म्हणून जाहीर केलें, तें तिच्या नम्रतेबद्दल व सहनशीलतेबद्दल.

यास्तव, बंधुभगिनींनो, नवस बोलतांना औषध टाकूं नका. वैद्यास मान द्यावा असें बेनसिराच्या ग्रंथांतही सांगितलेलें आहे. आणि ज्या घरीं रोगी अंथरुणास खिळून आहे, तेथें ‘प्रार्थना कमी पडली’ असा शब्द तोंडांतून निघूं देऊं नका. पोप जॉन पॉल 2 रे यांनीं 1992 मध्यें 11 फेब्रुवारी हा दिवस जगांतील रोग्यांसाठीं नेमून दिला आहे. त्या दिवशीं तरी आपल्या गांवांतील प्रत्येक रोग्याच्या उशाशीं आपल्यापैकीं कोणीतरी घटकाभर बसावें, एवढीच आमची विनंती आहे.