आण्णांचा रेडिओ

स्मरणिकेसाठी जुन्या आठवणी लिहा असा आग्रह झाला, तेव्हा बँकेतल्या नोकरीच्या आधी मला आमचा रेडिओच आठवला.

माझे बालपण शिरूर तालुक्यातील निमोणे गावी गेले. 1960 नंतर कधीतरी वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, पुण्याहून शॉर्टवेव्हचा सेट आणला. घरात वीज नव्हती, सेट बॅटरीवर चाले. छपरापासून लिंबाच्या झाडापर्यंत तांब्याची जाळीदार पट्टी ताणली की झाली एरियल! लायसन्सचे पैसे दरवर्षी पोस्टात भरावे लागत.

शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणातल्या उंच थरावर आपटून परत जमिनीवर येतात, म्हणून हजारो किलोमीटरवरचे स्टेशन लागते. तो थर दिवसा-रात्री बदलतो, त्यामुळे आवाज कधी जवळ येई, कधी विरून जाई. काटा केसभर सरकवत बसायचे, हाच आमचा छंद.

1952 साली केसकर माहितीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरच्या सिनेसंगीताला कात्री लागली. त्याच डिसेंबरात रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. 1957 मध्ये विविध भारती आली, तरी बुधवारी रात्री आठला अमीन सयानींचा आवाज ऐकायला आमच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसे.

पण खरा रेडिओ मी पाहिला डिसेंबर 1971 मध्ये. युद्ध सुरू झाले होते. शेजारच्या मावशींचा मुलगा फौजेत. त्या रोज संध्याकाळी उंबऱ्याशी येऊन बसत. आण्णा बीबीसीची हिंदी बातमी ऐकून त्यांना मराठीत सांगत. एकदा लक्षात आले, की किती जवान पडले ते आण्णा सांगतच नाहीत. मी नंतर म्हणालो, "आण्णा, बातमी पुरती सांगायला नको का?" ते म्हणाले, "अरे, आकडा तुला. तिला त्यात तिचा पोरगाच दिसणार." 16 तारखेला शरणागतीची बातमी आली, तेव्हा मात्र त्यांनी ती दोनदा सांगितली. पुढे मुलगा सुखरूप घरी आला.

पंचवीस वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीत आलो, तेव्हा सिमेंटच्या भिंतींत स्टेशन नीट लागेना. मी सेट घेऊन गच्चीवर जाऊ लागलो. "काका, काय लागलंय?" म्हणत एकेक शेजारी येऊन बसू लागला. माझ्या इथल्या बहुतेक ओळखी अशाच झाल्या. त्यांतले दोघे आज नाहीत.

31 जानेवारी 2020 ला बीबीसी हिंदीचे शॉर्टवेव्ह प्रसारण थांबले. आता एलईडी दिवे आणि चार्जर यांची खरखरच जास्त येते. तरी रविवारी संध्याकाळी सातला मी गच्चीवर असतो. या कधीतरी, नातवंडांनाही आणा. काही लागलं तर ऐकू, नाही लागलं तर गप्पा मारू.