नन स्टडी

नन स्टडी : वार्धक्यातील बुद्धी, स्मृती आणि मेंदूतील झीज यांचा परस्परसंबंध तपासणारा अमेरिकेतील दीर्घकालीन अभ्यास. स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या कॅथलिक संघातील ६७८ धर्मभगिनी त्यात सहभागी होत्या. साथरोगतज्ज्ञ डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात तो सुरू केला. १९९० मध्ये तो केंटकी विद्यापीठाच्या सँडर्स-ब्राउन वार्धक्य केंद्रात गेला आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेने त्याला अर्थसाहाय्य दिले. तरुणपणीचे हस्तलिखित, म्हातारपणीच्या दरवर्षीच्या चाचण्या आणि मृत्यूनंतर मेंदूचे विच्छेदन, असा एकाच व्यक्तीचा तिहेरी पुरावा इथे हाती आला. वृद्धांच्या बुद्धीविषयीचे बहुतेक अभ्यास केवळ मधल्या दुव्यावर उभे असतात. या अभ्यासाचे मोल त्यामुळे त्याच्या आकारापेक्षा कितीतरी जास्त आहे.

समूह : हा संघ १८३३ मध्ये बव्हेरियात स्थापन झाला. त्याच्या अमेरिकेतील शाखांचे मुख्य काम शाळा चालवणे हे होते. त्यामुळे अभ्यासातील बहुतेक भगिनींनी आयुष्यभर शिक्षिकेचे काम केले होते. अभ्यासाची सुरुवात मिनेसोटातील मंकेटो येथील मठात झाली आणि पुढे मिलवॉकी, बाल्टिमोर, सेंट लुई आदी प्रांतांतील मठ त्यात आले. १९१७ पूर्वी जन्मलेल्या भगिनींना निमंत्रण होते. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश भगिनींनी होकार दिला. सहभागाच्या अटी तीन होत्या : दरवर्षी शारीरिक व बौद्धिक तपासणी, मठाच्या दप्तरातील नोंदी पाहण्याची मुभा आणि मृत्यूनंतर मेंदूचे दान. नोंदणीच्या वेळी सर्वजणी पंचाहत्तरी ओलांडलेल्या होत्या, काहींनी तर शंभरीही पार केली होती.

संशोधकाच्या दृष्टीने मठ ही दुर्मीळ जागा ठरते. एकाच स्वयंपाकघरातले जेवण, सारखी घरे, सारखे वैद्यकीय उपचार, सारखे उत्पन्न. तंबाखू जवळजवळ नाही. बाळंतपण कोणाचेच नाही. सामान्य लोकवस्तीत दोन वृद्धांची तुलना करताना गरिबी, व्यसन, कुपोषण, उपचारांची वानवा यांचा गुंता सोडवता सोडवता मूळ प्रश्न हातून निसटतो. इथे तो गुंता प्रौढ वयापुरता बराच सुटलेला होता. बालपणीचे फरक मात्र शिल्लक होते, आणि पुढे तेच महत्त्वाचे ठरले.

१९३० ची आत्मवृत्ते : अभ्यासाचा सर्वांत मौल्यवान भाग संशोधकांनी गोळा केलेला नाही. तो मठाच्या कपाटांत आधीपासून होता. सप्टेंबर १९३० मध्ये संघाच्या उत्तर अमेरिकेतील प्रमुख मदरनी सूचना काढली, की प्रत्येक भगिनीने आपले छोटे आत्मवृत्त लिहून द्यावे. शब्द दोनशे ते तीनशे, आणि मजकूर एकाच कागदावर मावला पाहिजे. जन्मस्थान, आईवडील, बालपणीच्या ठळक गोष्टी, शाळा आणि मठात येण्यामागची प्रेरणा एवढे त्यात यावे. लिहिणाऱ्या भगिनींचे सरासरी वय तेव्हा बावीस होते. संघाच्या कामासाठी लिहिलेले हे कागद जवळपास साठ वर्षांनी मेंदूच्या संशोधनात पुरावा म्हणून उभे राहतील, हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. दप्तर सांभाळणाऱ्या भगिनींच्या नावाने एखादा शोधनिबंध नाही. तरीही कागद वाळवीपासून आणि रद्दीपासून वाचवणाऱ्या त्या हातांचा या संशोधनातला वाटा प्रयोगशाळेइतकाच मोठा मानावा लागतो.

मिलवॉकीच्या मठातील ९३ भगिनींच्या आत्मवृत्तांचे विश्लेषण कॅन्सस विद्यापीठातील भाषा-मानसशास्त्राच्या अभ्यासक सुझन केम्पर यांच्या मदतीने झाले. प्रत्येक आत्मवृत्ताची शेवटची दहा वाक्ये घेऊन दोन मोजमापे केली गेली. पहिले व्याकरणिक जटिलता, म्हणजे वाक्यात वाक्य किती गुंफले आहे. दुसरे विचारघनता, म्हणजे दर दहा शब्दांमागे किती स्वतंत्र विधाने आली आहेत. दुसरे माप मराठीत असे समजावता येईल. ‘माझा जन्म सोलापुरात झाला आणि मग मी तिथेच मोठी झाले व मग शाळेत जाऊ लागले’ या वाक्यात शब्द पुष्कळ, पण माहिती थोडी. ‘गिरणीच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या सोलापुरी घरात सहा भावंडांतली धाकटी, हट्टी मुलगी म्हणून मी जन्मले’ हे वाक्य जवळपास तेवढ्याच लांबीचे आहे. पण त्यात गाव, गिरणी, भोंगा, घराची शिस्त, भावंडांची संख्या, त्यांतले स्थान आणि स्वभाव असे बरेच काही आले आहे. दुसऱ्या वाक्याची विचारघनता जास्त. शब्दसंपत्ती, वाचन आणि सुचलेले मनात धरून ठेवण्याची ताकद यांचा हा ठसा असावा, असे संशोधक मानतात.

निष्कर्ष १९९६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. विशीत कमी विचारघनतेने लिहिणाऱ्या भगिनी सुमारे ५८ वर्षांनंतरच्या बौद्धिक चाचण्यांत लक्षणीयरीत्या मागे पडल्या होत्या. व्याकरणिक जटिलतेचा संबंध त्यामानाने क्षीण निघाला. तोवर मृत्यू पावलेल्या आणि मेंदू तपासलेल्या १४ भगिनींपैकी कमी विचारघनतेच्या सर्वांच्या मेंदूत अल्झायमर रोगाची खात्री झाली. अधिक विचारघनतेच्या एकीच्याही मेंदूत तो आढळला नाही. चौदा ही संख्या फार लहान आहे. तरीही साठ वर्षांपूर्वीच्या एका पानावरून विच्छेदनाच्या टेबलावर काय दिसेल याचा अंदाज बांधता येतो, ही गोष्ट वैद्यकविश्वाला हादरवणारी होती.

मेंदूतील पुरावा : अल्झायमर रोगात मेंदूच्या पेशींबाहेर बीटा-अमायलॉइड या प्रथिनाचे थर साठतात आणि पेशींच्या आत टाउ प्रथिनाचे गुंते तयार होतात. स्मृतीशी निगडित हिपोकॅम्पस आणि लगतच्या भागांत गुंते आधी दिसतात, नंतर ते मेंदूच्या बाह्यकापर्यंत पसरतात. १९६८ मध्ये ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ या ब्रिटिश संशोधकांनी हे थर आणि स्मृतिभ्रंशाची तीव्रता यांचा मेळ दाखवला होता. नन स्टडीत केंटकीचे विकृतितज्ज्ञ विल्यम मार्क्सबेरी यांच्या प्रयोगशाळेत मेंदू तपासले गेले. तपासणाऱ्यांपासून भगिनीच्या चाचण्यांचे गुण लपवून ठेवण्याची दक्षता घेतली होती. सरासरी पाहता मेळ इथेही जुळला. पण त्या सरासरीत न बसणाऱ्या भगिनी अभ्यासकांना जास्त शिकवून गेल्या.

त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शोधनिबंधात ‘सिस्टर मेरी’ या नावाने नोंदले आहे. आठवीपर्यंत शिकून त्या एकोणिसाव्या वर्षी शिकवू लागल्या. नोकरी सांभाळत त्यांनी माध्यमिक शिक्षण पुरे केले, तेव्हा त्या ४१ वर्षांच्या होत्या. ७७ व्या वर्षापर्यंत त्यांनी पूर्णवेळ आणि ८४ व्या वर्षापर्यंत अर्धवेळ शिकवले. वयाच्या १०१ व्या वर्षी मृत्यूपूर्वीच्या तपासणीत त्यांना बौद्धिक चाळणी परीक्षेत ३० पैकी २७ गुण होते. हे गुण निरोगी माणसाचे आहेत. विच्छेदनात मेंदूचे वजन अवघे ८७० ग्रॅम भरले आणि थर व गुंते दोन्ही विपुल आढळले. केवळ तो मेंदू पाहणाऱ्याला ही बाई चांगल्या स्मृतीने जगली असे वाटले नसते. याच्या उलटही प्रकरणे होती : मेंदूत गुंते थोडे, पण स्मृतिभ्रंश ठळक.

रक्तपुरवठा : या तफावतीचे एक कारण १९९७ च्या शोधनिबंधात सापडते. १०२ भगिनींच्या मेंदूंपैकी ६१ मेंदूंत अल्झायमरचे निकष पूर्ण होत होते. त्यांत ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात रक्तपुरवठा तुटून लहान भाग मृत झाले होते, त्यांना जिवंतपणी स्मृतिभ्रंश असण्याचे प्रमाण कितीतरी जास्त निघाले. अल्झायमरचे निकष पूर्ण न करणाऱ्या उरलेल्या ४१ भगिनींत मात्र अशा मृत भागांचा परिणाम थोडाच दिसला. दोन हानी एकत्र आल्या की मेंदूचा तोल जातो, असा त्याचा अर्थ लावला जातो. रुग्णांच्या दृष्टीने अभ्यासातला सर्वांत उपयोगी निष्कर्ष हाच आहे, कारण रक्तदाब आणि मधुमेह यांवर औषधे हाताशी आहेत. वृत्तपत्रांनी मात्र आत्मवृत्तांनाच जास्त जागा दिली.

इतर निष्कर्ष : १८० आत्मवृत्तांतील आनंद, कृतज्ञता, आशा अशा भावनांचे शब्द मोजून २००१ मध्ये त्यांचा संबंध दीर्घायुष्याशी जोडण्यात आला. २००३ मध्ये लहान डोके आणि कमी शिक्षण या दोन्ही गोष्टी असलेल्या भगिनींत स्मृतिभ्रंशाची शक्यता चौपट आढळली. आहाराबाबत रक्तातील फोलेटवर एक छोटा निबंध आहे.

राखीव क्षमता : सिस्टर मेरींसारख्या व्यक्तींचे स्पष्टीकरण ‘बौद्धिक राखीव क्षमता’ या संकल्पनेने दिले जाते. तिची बीजे रॉबर्ट कॅट्झमन यांच्या १९८८ च्या निबंधात आहेत. वृद्धाश्रमातील १३७ व्यक्तींच्या विच्छेदनांत त्यांना अल्झायमरची विकृती असूनही शाबूत बुद्धीने जगलेले दहा जण सापडले. त्यांचे मेंदू वजनाला जास्त होते आणि त्यांत मोठ्या चेतापेशीही अधिक होत्या. कोलंबिया विद्यापीठाचे याकोव स्टर्न यांनी शिक्षण आणि व्यवसाय यांच्याशी सांगड घालून ती संकल्पना पुढे नेली. शिक्षणाने, कामाने आणि छंदांनी मेंदू एकच काम अनेक वाटांनी करायला शिकतो. एक वाट बुजली तरी दुसरी उरते. झीज थांबत नाही, तिची लक्षणे उशिरा दिसतात. म्हणूनच अधिक शिकलेल्या व्यक्तींत निदान झाल्यावर घसरण काही वेळा अधिक वेगाने होताना दिसते : तोवर विकृती बरीच पुढे गेलेली असते. घरच्यांना ते अचानक कोसळल्यासारखे वाटते.

आक्षेप : कमी विचारघनता हे अल्झायमरचे कारण, की विशीतच सुरू झालेल्या सूक्ष्म विकृतीचे पहिले चिन्ह, याचा निर्णय या अभ्यासातून होत नाही. समूह केवळ स्त्रियांचा, बहुतांशी गोऱ्या, शिक्षित आणि अविवाहित, हाही आक्षेप आहे. शिकागोच्या रश विद्यापीठात डेव्हिड बेनेट यांनी १९९४ पासून चालवलेल्या अभ्यासात फादर आणि ब्रदर यांनाही घेतले. तिथे वृद्धपणी वाचन-लेखनात रमणाऱ्यांची घसरण मंद असल्याचे दिसले आणि त्याच विद्यापीठाच्या दुसऱ्या एका अभ्यासात मेंदूतील विकृती हिशेबात धरूनही तो फरक टिकला.

उतारवयात सुरू केलेला सराव : इथे पुरावा विरळ होत जातो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य करणाऱ्यांत स्मृतिभ्रंश कमी आढळला. मात्र ज्यांची बुद्धी आधीच ढासळू लागली आहे ते छंद सोडून देतात, ही शंका अशा निरीक्षणांत कायम राहते. प्रत्यक्ष प्रयोगांत ‘ॲक्टिव्ह’ हा मोठा. त्यात २,८३२ वृद्ध होते; त्यांच्यातील तीन गटांना स्मृती, तर्क किंवा दृष्टीने चटकन टिपण्याचा वेग यांपैकी एकाचे प्रशिक्षण दिले आणि एका गटाला काहीच दिले नाही. ज्याचा सराव केला ते सुधारले, बाकीचे फारसे नाही. दहा वर्षांनंतर वेगाचे प्रशिक्षण घेतलेल्या गटात स्मृतिभ्रंश २९ टक्क्यांनी कमी आढळला, पण त्यावर एकमत नाही. ‘ल्युमोसिटी’ या नावाने ‘मेंदूचे खेळ’ विकणाऱ्या कंपनीला फसव्या जाहिरातींच्या प्रकरणात २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबावर लक्ष असे सगळे एकत्र करणाऱ्या फिनलंडच्या ‘फिंगर’ प्रयोगात (२०१५, १,२६० व्यक्ती) बौद्धिक गुणांत माफक पण खरा फायदा दिसला. लॅन्सेट आयोगाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे १४ धोके दिले आहेत. त्यांत बालपणीचे तुटपुंजे शिक्षण, बहिरेपणा, अधू दृष्टी आणि एकटेपणा आहेत. कानाचे यंत्र लावायला लाजणाऱ्या वृद्धाला शब्दकोड्यांचे पुस्तक देण्याआधी हा अहवाल पाहिला पाहिजे.

भाषा आणि भारत : २०१९ मध्ये नन स्टडीतील ३२५ भगिनींच्या भाषाज्ञानाचा अभ्यास झाला. एकच भाषा येणाऱ्यांपैकी ३१ टक्के भगिनींना स्मृतिभ्रंश झाला, तर चार किंवा अधिक भाषा येणाऱ्यांपैकी केवळ ६ टक्के भगिनींना. दोन किंवा तीन भाषांचा लाभ स्पष्ट दिसला नाही, आणि लेखनातील विचारघनता हा भाषांच्या संख्येपेक्षा बळकट संकेत ठरला. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमधील सुवर्णा अल्लाडी यांच्या २०१३ च्या अभ्यासाचे उत्तर वेगळे आहे. स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांत द्विभाषिकांना लक्षणे एकभाषिकांपेक्षा साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली, आणि दोनपेक्षा जास्त भाषांनी आणखी फायदा झाला नाही. विशेष म्हणजे हा फरक निरक्षर रुग्णांतही होता. शाळेची पायरी न चढलेला, पण बाजारात एक आणि घरात दुसरी भाषा बोलणारा माणूसही राखीव क्षमता कमावतो, हे त्यातून दिसते. सोलापूर, नांदेड, बेळगाव या पट्ट्यातील म्हाताऱ्या पिढीचे रोजचे बोलणे असेच आहे.

निरक्षर वृद्धांची चाचणी कशी घ्यायची हा भारतातील जुना प्रश्न. हरियाणातील बल्लभगढच्या भारत-अमेरिका प्रकल्पात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी लेखन-वाचनावर अवलंबून असलेले प्रश्न बदलून हिंदी चाचणी तयार केली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात प्रमाण अधिक आहे. या स्त्रियांच्या पिढीला शाळा मिळाली नाही ही वस्तुस्थिती या आकड्यांपासून वेगळी काढता येत नाही.

संग्रह : केंटकीतील काम संपल्यावर मेंदूंचे नमुने, चाचण्यांच्या नोंदी आणि आत्मवृत्तांचे विश्लेषण मिनेसोटा विद्यापीठाकडे परतले. नव्या रंजनपद्धतींनी जुन्या नमुन्यांची फेरतपासणी त्यानंतरही होत राहिली.