मळसूत्रें आणि वाकस

संकटाच्या इतिहासांत नायकाचें नांव ठळक अक्षरांनीं लिहिलें जातें. त्याच्या हातांतील हत्याराकडे, आणि तें हत्यार चालविणाऱ्या कारागिराकडे, सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. शॅकल्टनच्या दक्षिणध्रुव-मोहिमेची कथा वाचतांना आम्हांस हें विशेष जाणवतें.

त्याचें ‘एन्ड्युरन्स’ जहाज जानेवारी १९१५ मध्यें वेडेल समुद्राच्या बर्फांत अडकलें व नोव्हेंबरांत बुडालें. २८ माणसें बर्फावर उघडीं पडलीं. कोणीं दोन पौंडांहून अधिक खाजगी सामान बाळगूं नये असा हुकूम झाला. शॅकल्टननें स्वतःचीं सोन्याचीं नाणीं टाकून दिलीं. एका सोबत्याचा बॅंजो मात्र आग्रहानें बरोबर घेतला.

एप्रिल १९१६ मध्यें ही मंडळी एलेफंट बेटास लागली. मदत मिळण्यासारखें ठिकाण म्हणजे सुमारें ८०० मैलांवरील साउथ जॉर्जिया, आणि साधन म्हणजे सुमारें २२ फुटी होडी! हॅरी मॅकनिश या सुतारानें बर्फगाडीच्या पट्ट्या, खोक्यांच्या फळ्या व कॅनव्हास यांचें छत होडीवर चढविलें. सांधे बुजविण्यास दिव्याची वात, चित्रकाराचे तैलरंग आणि सीलचें रक्त उपयोगीं पडलें. होडी १० मे रोजीं बेटास लागली. पण देवमासे पकडणाऱ्यांची वसाहत डोंगरांपलीकडे होती. मॅकनिशनें होडींतील मळसूत्रें काढून बुटांच्या तळव्यांत बसविलीं. तीं पायांत, ५० फूट दोर कमरेस, आणि बर्फांत पायऱ्या खोदण्यास सुताराची वाकस, एवढ्यावर शॅकल्टन, वर्स्ले व क्रीन यांनीं तो डोंगर ३६ तासांत ओलांडला. ३० ऑगस्ट रोजीं चिलीच्या ‘येल्चो’ जहाजानें एलेफंट बेटावरील २२ जणांस सोडविलें. त्या २८ जणांपैकीं एकहि दगावला नाहीं.

परंतु मॅकनिशनें पूर्वीं बर्फावर एकदां आज्ञा मोडली होती. म्हणून शॅकल्टननें पोलर मेडलसाठीं त्याची शिफारस केली नाहीं. १९३० सालीं वेलिंग्टन येथें तो त्या पदकावांचूनच वारला.

संकटांत शिस्त मोडणें हा लहान अपराध नव्हे, हें आम्ही मान्य करितों. तथापि ज्याच्या मळसूत्रांवर नायकाचें पाऊल टिकलें, त्याच्या पारड्यांत तें पाऊलहि घालावयास नको होतें काय? शॅकल्टनच्या थोरवीस त्यानें उणेपणा आला नसता.