कारकुनाचा हात

पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधून ठेवलेली मोडी कागदांची रास दृष्टीस पडली, म्हणजे त्यांतील सनदा, ताळेबंद आणि हुकूम यांच्याआधी, एक गुडघा उभा करून त्यावर कागद टेकवीत दिवसचा दिवस बोरू चालविणाऱ्या अनामिक कारकुनांच्या बोटांचा विचार माझ्या मनात येतो. सरकारी दप्तरात बोटांच्या दुखण्यास जागा ती कोठून असणार! ती व्यथा ग्रंथात नोंदविण्याजोगी वाटली ती इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यास. निरनिराळ्या धंद्यांपासून उद्भवणाऱ्या रोगांवरील त्याचा लॅटिन ग्रंथ १७०० साली मोदेना येथे प्रसिद्ध झाला, आणि १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांसाठी एक स्वतंत्र प्रकरण जोडले. अखंड बैठक, हाताची एकाच तऱ्हेची निरंतर हालचाल, आणि वजाबाकीत चूक होऊन धन्याचे नुकसान होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, अशी तीन कारणे त्याने सांगितली. त्याच्या परिचयाच्या एका नोटरीचा उजवा हात लिहून लिहून प्रथम शिणला आणि पुढे अजिबात लुळा पडला. त्या चिकाटीच्या माणसाने डाव्या हाताने लिहिण्याचा अभ्यास केला, तो थोड्याच काळात डावाही त्याच वाटेने गेला.

हा नोटरी पिसाची लेखणी वापरणाऱ्या काळातला होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी टाकांचा पूर लोटला आणि कचेऱ्यांतून बोटे आखडल्याच्या तक्रारी वाढू लागल्या, तेव्हा पुष्कळांनी सारा दोष त्या बिचाऱ्या टाकाच्या माथी मारला. टाक ताठ असतो, बोरूप्रमाणे चाकूने आपल्या हातास मानवेल असा त्याला कापता येत नाही, हे खरे. परंतु मूळ अपराध लेखणीचा नसून विसाव्यावाचून चालणाऱ्या हाताचा होता, असे मला वाटते.

या विकारावर विद्युत्प्रवाह, पट्ट्या आणि नाना तऱ्हेची औषधे करून डॉक्टर मंडळी थकत असता, जी उपाययोजना नावारूपास आली तिचा कर्ता वैद्य नव्हता, हस्ताक्षर शिकविणारा गुरुजी होता. फ्रँकफुर्टच्या या यूलियुस वोल्फने पोलाद किंवा पीस यांचा वाद बाजूस ठेवून हातालाच पुन्हा शिकविण्याचा उद्योग आरंभिला. बोटे, मनगट, कोपराखालचा हात आणि दंड हे सर्व शक्य त्या दिशांनी रोग्याने स्वतः हलवावयाचे, एकेक स्नायू सहा ते बारा वेळा आकुंचित करावयाचा, प्रत्येक हालचालीनंतर क्षणभर थांबावयाचे, आणि अर्ध्या तासाच्या आत हे सारे आटोपून दिवसातून दोनतीनदा त्याची आवृत्ती करावयाची, अशी ती कसरत होती. आखाड्यातील जोरबैठकांशी तिचे नाते जवळचे असले, तरी येथे दमछाक अभिप्रेत नव्हती. त्या विसाव्यातच तिचे मर्म होते. त्यानंतर आखडलेले स्नायू दुसऱ्याने हलकेच ताणावयाचे, चोळावयाचे आणि थोपटावयाचे. शार्को, बिलरोथ यांच्यासारख्या नामांकित डॉक्टरांनी या बिगरडॉक्टराची वाखाणणी केली, आणि १८८५ साली लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात द वाटव्हिल या डॉक्टराने वोल्फच्या पद्धतीची माहिती दिली. पुढील काळात या आखडण्याचे मूळ मेंदूकडून होणाऱ्या हालचालींच्या नियमनात शोधले जाऊ लागले, तेव्हा प्रत्येक रोगी कसरतीने बरा झाला असेल असे मानण्याचे कारण नाही.

तथापि वोल्फच्या उपचाराचा अखेरचा भाग मला विशेष मनोवेधक वाटतो. स्नायू सैल झाले की लेखणी धरावी कशी, ओढावी कशी, याचे पाठ तो नव्याने देई. म्हणजे ज्याने आयुष्यभर चोपड्या भरल्या त्या प्रौढ माणसास, पंतोजींपुढे बसलेल्या पोराप्रमाणे, पुन्हा पहिल्यापासून कित्ता गिरवावा लागे.