जुनी लेन्स घेताना आधी आत डोकावा

शिरूर/दौंड - डिजिटल कॅमेरे आले आणि तालुक्याच्या गावांतील फोटो स्टुडिओंमधील फिल्मच्या काळातील लेन्स कपाटात गेल्या. मिररलेस कॅमेऱ्यांना अॅडॅप्टर लावून यांतील बहुतेक लेन्स पुन्हा वापरता येत असल्याने त्यांना आता नव्याने गिऱ्हाईक मिळू लागले आहे. मोराची चिंचोली किंवा भिगवणच्या पाणथळीवर पक्षी टिपायला जाणाऱ्या, पण नव्या लेन्सची किंमत न परवडणाऱ्या हौशी छायाचित्रकाराला अशी लेन्स वरदान वाटते. मात्र बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या लेन्सच्या पोटात काय आहे, हे पाहिल्याविना पैसे मोजणे महागात पडू शकते.

पहिला शत्रू म्हणजे बुरशी. शिरूर व दौंड हे पर्जन्यछायेतील तालुके. त्यामुळे येथील लेन्सला बुरशी लागत नाही, असा समज आढळतो. तो खरा नाही. बुरशीला मुसळधार पाऊस लागत नाही. कोंडलेली दमट हवा आणि अंधार पुरेसा असतो. चामडी केसमध्ये गुंडाळून लोखंडी कपाटात चार पावसाळे काढलेल्या लेन्सला या दोन्ही गोष्टी आयत्या मिळतात. त्यातून खडकवासल्याच्या कालव्यावर भिजणाऱ्या दौंडच्या ऊसपट्ट्यातील हवा कोरडी म्हणावी तरी कशी?

तपासणीसाठी छोटी विजेरी पुरते. लेन्सची दोन्ही झाकणे काढावीत, अॅपर्चर पूर्ण उघडावे आणि मागील बाजूने तिरपा प्रकाश टाकून पुढून पाहावे. नंतर बाजू बदलावी. विजेरी समोरासमोर धरल्यास डोळे दिपतात आणि दोष लपतो. कडेकडून आत पसरलेले, झाडाच्या मुळांसारखे फाटे फुटलेले तंतू दिसले, तर ती बुरशी. ती कोवळी असेल तर जाणकार कारागीर लेन्स उघडून काच स्वच्छ करू शकतो. जुनी असेल, तर तिच्या आम्लाने कोटिंग व काच कोरली जाते. बुरशी पुसली तरी तिचा ठसा उरतो.

सर्वत्र सारखा पसरलेला दुधी पडदा ही निराळी गोष्ट. आतील वंगणाची वाफ काचेवर बसून तो तयार होतो. साध्या उजेडात तो दिसत नाही, म्हणूनच अधिक फसवा. अशा लेन्सने सूर्यासमोर काढलेले छायाचित्र फिके, धुरकट येते. तेच वंगण अॅपर्चरच्या पाकळ्यांवर उतरले, तर त्या चिकटतात. कडी फिरवताच पाकळ्या झटकन मिटतात का, हे पाहावे.

सर्वांत गंभीर दोष सांध्याचा. लेन्समधील काही भिंगे एकमेकांना चिकटवलेली असतात. पूर्वी त्यासाठी कॅनडा बाल्सम हा झाडाचा डिंक वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर हळूहळू कृत्रिम गोंद आले. हा थर सुटू लागला, की काठाशी इंद्रधनुषी कडी किंवा चंदेरी डाग दिसतो. दुरुस्ती शक्य असली, तरी तिचा खर्च अनेकदा लेन्सच्या किमतीहून अधिक होतो. अशी लेन्स न घेतलेलीच बरी.

उलट काही 'दोष' निरुपद्रवी असतात. दोनचार धूलिकण छायाचित्रात उमटत नाहीत. जुन्या काचेतील सूक्ष्म हवेचे बुडबुडेही तसेच. मागच्या भिंगावरील ओरखडा मात्र पुढच्यापेक्षा अधिक बाधतो. पेंटॅक्सच्या काही ताकुमार लेन्सची काच पिवळसर दिसते. तीत थोरियम असते. काही दिवस उन्हात ठेवल्यास हा पिवळेपणा बराच ओसरतो. अर्थात उन्हात ठेवलेले भिंग आगही लावू शकते, म्हणून मागील झाकण लावूनच ती ठेवावी.

पुढच्या कडीला पोचा किंवा स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील, तर लेन्स पडलेली अथवा कोणीतरी उघडलेली असण्याचा संभव असतो. भिंत किंवा पसरलेले वर्तमानपत्र समोरासमोर धरून, अॅपर्चर उघडे ठेवून छायाचित्र घ्यावे. चारपैकी एकच कोपरा अस्पष्ट आला, तर आतील भिंग सरकलेले आहे.

पुण्यातील जुन्या बाजारात खरेदी करून साठ-सत्तर किलोमीटर परत आल्यावर तक्रार करायला कोणी जात नाही. विजेरी आणि स्वतःचा कॅमेरा सोबत नेऊन हे सारे विक्रेत्यासमोरच करावे. विक्रेता आत पाहू देण्यास कां-कूं करीत असेल, तर भाव ठरविण्याची घाई करू नये.