लुगडे, पातळ आणि लोकांची नजर

तरुण मुलीच्या वेषाचा विषय निघाला की आपण लगेच परंपरेचे नाव घेतो. ती परंपरा केव्हापासूनची, हे मात्र सहसा विचारीत नाही. म्हणून बोट दाखविण्यापूर्वी आपल्याच प्रांताचा थोडा इतिहास पाहू.

नऊवारी लुगडे हा कासोट्याचा, कामाचा वेष. शेतात वाकण्यास वा घागर उचलण्यास तो आड येत नाही. पुढे शिकलेल्या स्त्रीने त्याच लुगड्याकडे नव्या दृष्टीने पाहिले. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्यास अमेरिकेस गेल्या. हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांनी निघण्यापूर्वी जाहीर सभेत सांगितले होते. तिकडच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहात. तेव्हा त्यांनी गुजराती पद्धतीचे लुगडे पत्करले. संस्कृती व सोय यांचा हा मेळ त्यांनी स्वतःच्या विचाराने घातला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाचवारी पातळ शहरातील घरांत आले. सुनेने गोल पातळ नेसलेले पाहून वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडत. आज तेच पातळ आपण परंपरा म्हणून मिरवितो! त्याच काळात नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, रंगभूमीवर शालू नेसून उभे राहिले की प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्यांच्या नेसण्याचे व केशरचनेचे अनुकरण करीत. कुलीन स्त्रीने कसे दिसावे, याचा धडा एका पुरुषाने घालून दिला आणि समाजाने तो कौतुकाने गिरविला.

आता आपल्या कोल्हापूरकडे वळू. येथे स्थापन झालेल्या हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' १९३८ साली पडद्यावर आला. त्यात मीनाक्षीबाई पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि मोठी खळबळ उडाली. पंचगंगेच्या घाटावर ओल्या लुगड्याने धुणे पिळणाऱ्या बायांना पाहून मात्र संस्कृती बुडाल्याची ओरड कोणी केली नव्हती. तेव्हा प्रश्न केवळ कापडाच्या लांबीरुंदीचा नव्हता. स्त्रीने कोठे, कोणासमोर व कोणाच्या संमतीने दिसावे, हा होता.

हा प्रश्न मुलीच्या मनात फार लवकर शिरतो. आरशासमोर ती उभी राहते, पण पाहतात ते शेजारी, नातलग आणि रस्त्यावरचे लोक. मर्यादा आपखुशीने पाळली तर तिचा अलंकार होतो. परक्याच्या धाकाने पाळली तर मन सारखे पदराशीच अडकून राहते. वर्गात बसलेल्या मुलीचे अर्धे लक्ष आपण कशा दिसतो यातच गेले, तर शिक्षणाचे अर्धे दान आपण दारातच हिरावून घेतले असे होईल. १९१८ साली युवराज शिवाजी निवर्तल्यावर शाहू छत्रपतींनी विरोध न जुमानता विधवा सुनेस, इंदुमती राणीसाहेबांस, शिकविले. ज्या नगराला असा वारसा आहे, त्याने तरी हे दान अर्धे ठेवू नये.

आईबापांची धास्ती खोटी नाही. रस्ता सर्वत्र सभ्य नसतो. परंतु रस्ता असभ्य असेल तर सुधारावयाचा तो रस्ता. सायकलवरून जाणाऱ्या मुलींनी सलवार-कमीज स्वीकारली तेव्हा तिलाही नावे ठेवली गेली. आज तोच वेष सोज्वळ गणला जातो. ज्या वेषाला आज आपण नावे ठेवतो, त्याचीही उद्या हीच गत होण्याचा संभव आहे. मग मधल्या काळात एका पिढीच्या मुलींनी मान खाली घालून का चालावे, याचे उत्तर आपणच द्यावयास हवे.