प्रोटीन स्किमर उतू जातोय? यंत्र बदलण्याआधी या 5 गोष्टी तपासा

गॅसवरचं दूध बघता बघता पातेल्याबाहेर येतं, तसंच कधीकधी खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमध्ये होतं. प्रोटीन स्किमरचा कप काही मिनिटांत भरतो आणि फेस झाकणातून बाहेर येऊ लागतो. अनेकांना वाटतं, यंत्र बिघडलं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं आणि कारण पाण्यात असतं.

स्किमर नेमकं काय करतो?

माशांची विष्ठा, उरलेलं खाणं आणि प्रवाळांचा चिकट स्राव यांतून सेंद्रिय पदार्थ पाण्यात विरघळतात. यातल्या अनेक रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, तर दुसरं पाण्यापासून पळतं. त्यामुळे हवेचा बुडबुडा दिसला की ते त्याला चिकटतात. स्किमर पाण्यात असंख्य बारीक बुडबुडे सोडतो. त्यांचा फेस नळीतून वर चढतो आणि घाण घेऊन कपात पडतो.

पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या लाटा कोकणच्या किनाऱ्यावर पांढरा-पिवळसर फेस आणून टाकतात. तो याच पद्धतीने तयार होतो. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, गोड्या पाण्यात ते एकमेकांत मिसळून मोठे होतात. म्हणून गप्पी किंवा गोल्डफिशच्या टँकमध्ये स्किमर दिसत नाही.

उतू गेल्याने काय बिघडतं?

स्किमर सम्पमध्ये, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत असेल, तर गोळा झालेली घाण पुन्हा पाण्यात मिसळते. तो टँकच्या बाहेर टांगलेला असेल किंवा कपाला बाहेर जाणारी नळी जोडलेली असेल, तर खारं पाणी थेट जमिनीवर येतं.

खरा धोका त्यापुढे आहे. टँकला ऑटो टॉप-ऑफ असेल, तर पातळी घटली की ते आपोआप गोडं पाणी भरतं. समजा, एकूण पाणी 200 लिटर आहे आणि रात्रीत 10 लिटर खारं पाणी बाहेर गेलं. त्याजागी तितकंच गोडं पाणी आलं, तर दर हजार भागांमागे 35 असलेली क्षारता साधारण 33 वर येते. गळती वाढली तर घसरणही वाढते आणि असा अचानक बदल प्रवाळांना व अनेक माशांना सोसत नाही.

आत्ता लगेच काय करायचं?

1. पाण्यात हात घालण्याआधी भिंतीवरचा स्विच बंद करा. जमीन ओली असेल तर एक्स्टेन्शन बोर्डला हात लावू नका, मेन स्विच बंद करा.
2. ऑटो टॉप-ऑफ बंद करा.
3. कप रिकामा करून धुवा. साबण अजिबात वापरू नका.
4. स्किमर सुरू करताना पाणी बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा. त्याने आतली पातळी खाली येते.
5. क्षारता मोजा. ती घसरली असेल तर हळूहळू पूर्ववत करा. एकदम मीठ ओतू नका.

मग कारण शोधा

नवा स्किमर. नव्या यंत्राच्या प्लास्टिकवर कारखान्यातल्या तेलाचे अंश असू शकतात. त्यामुळे पहिले काही दिवस फेस कमी-जास्त होतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवा आणि धीर धरा.

सम्पमधली पातळी. प्रत्येक मॉडेल किती खोल पाण्यात ठेवायचं, हे माहितीपत्रकात दिलेलं असतं. पाणी त्याहून वर गेलं की फेसही वर चढतो. अशावेळी स्किमरखाली स्टँड ठेवून तो उंच करता येतो. वीज गेल्यावर वरच्या टँकमधलं पाणी सम्पमध्ये उतरतं. वीज परत येते तेव्हा ही वाढलेली पातळी काही काळ टिकते आणि नेमका तेव्हाच कप भरून वाहतो.

हातावरचं क्रीम किंवा साबण. हँडवॉश, मॉइश्चरायझर, साबणाने धुतलेली बादली यांतला थोडासा अंशही फेसाचं गणित बिघडवतो.

पाण्यात टाकलेलं काही. प्रवाळ चिकटवण्याची इपॉक्सी पुट्टी, काही वॉटर कंडिशनर आणि लाल शेवाळासारख्या थरावरची औषधं ही नेहमीची कारणं आहेत. गेल्या 2 दिवसांत टँकमध्ये नवीन काय गेलं, हे आठवून बघा.

जास्त खाणं किंवा मेलेला मासा. फेस गडद आणि दुर्गंधीयुक्त असेल, तर खडकांमागे कुणी मेलेलं नाही ना, ते पाहा आणि अमोनियाची चाचणी करा.

साबण, पुट्टी किंवा कंडिशनरमुळे त्रास होत असेल, तर 10 ते 20 टक्के पाणी बदला आणि ॲक्टिव्हेटेड कार्बन वापरा. औषधाचा कोर्स सुरू असताना मात्र कार्बन घालू नका, कारण तो औषधही शोषून घेतो. कोर्स संपल्यावर वापरा.

स्किमर बंद करून टाकला तर?

थोडा वेळ चालेल. पण स्किमर घाण काढतो तसा पाण्यात प्राणवायूही मिसळतो. माशांची गर्दी असलेल्या टँकमध्ये तो रात्रभर बंद ठेवायचा असेल, तर एअर पंप लावा. औषध सुरू असेल तर काही हौशी लोक कप काढून स्किमर नुसता चालू ठेवतात. हवा मिसळत राहते आणि बाहेर काही सांडत नाही. मात्र पाणी सम्पमध्येच परत पडतंय ना, हे आधी पाहून घ्या.

पुन्हा होऊ नये म्हणून

टँकमध्ये हात घालण्याआधी ते साध्या पाण्याने नीट धुवा. टँकच्या बादल्या वेगळ्या ठेवा. कपाची नळी बाहेरच्या डब्यात सोडली असेल, तर डबा भरताच स्किमर बंद करणारा फ्लोट स्विच लावा. ऑटो टॉप-ऑफची टाकी छोटी ठेवा. म्हणजे रात्रीत काही बिघडलंच, तरी टँकमध्ये जाणाऱ्या गोड्या पाण्याला मर्यादा राहील. व्हॉल्व्ह फिरवायचा तर एका वेळी थोडाच फिरवा आणि काही तास वाट पाहा. घाईघाईने पुन्हा पुन्हा फिरवला, तर कशाचा काय परिणाम झाला हेच कळत नाही.